तेरावी बाटली

बाळासोनं हातपंपापाशी बाटली उभी केली, मोबाईल काढला आणि फोटो मारला. फोटोत पंपाची गंजलेली दांडी आली पाहिजे, मागची विहाराची कमान आली पाहिजे आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचता आली पाहिजे. चिठ्ठीवर त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘बौद्ध वस्ती, बोअर क्रमांक दोन’. फोटो सरकारी अॅपवर गेला. मोबाईलवर हिरवी खूण उमटली. सरकारच्या लेखी नमुना घेऊन झाला.

बाटली रिकामी होती. पण ती दुधासारखी पांढरी, आत पाणी आहे की वारा हे फोटोत कुणाच्या बापाला कळणार? बाळासोनं ती पिशवीत टाकली, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि वरच्या मळ्याकडं निघाला.

वाटेत नाल्याच्या अंगाला पृथ्वीराजची शेड लागते. गावात घरोघर चांदीचे पैंजण घडतात आणि उजळायला इथं येतात. अ‍ॅसिडात बुडवायचे, धुवायचे, पांढरेशुभ्र करून हुपरीला पाठवायचे. धुतलेलं नायट्रिकचं पाणी पूर्वी नाल्यात जायचं. पण नाल्यात सोडलं की दिसतं, म्हशी मरतात, ओरड होते. म्हणून पृथ्वीराजनं शेडमागच्या आटलेल्या बोअरमध्ये पाईप सोडला होता. जमिनीच्या पोटात काय चाललंय ते कुणाला दिसतंय? पृथ्वीराज उपसरपंच होता. पाईप साऱ्या गावाला माहीत होता आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. तिथून वस्तीचा बोअर हाकेच्या अंतरावर, आणि उताराला.

वरच्या मळ्यात पार्श्वनाथ आण्णांची विहीर. आण्णांची बायको, त्रिशलाकाकू, नळाच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधत होती. गाळल्याशिवाय त्या घरात पाणी वापरत नाहीत.

“बाटली भरून घेतो, काकू.”

“घे की. दरवेळी इचारतोस काय?”

खाटेवरून आण्णांनी मान वर केली. “बाळासो, गेल्या खेपंला आमचं पाणी पास झालं न्हवं?”

“पास, आण्णा.”

म्हातारा खूश झाला. आपल्या विहिरीची तपासणी होते, असं त्याला सहा वर्षं वाटत होतं. बाळासोनंही ते तसंच वाटू दिलं होतं.

विहिरीच्या वाटेवर एक बाभूळ आहे. बाळासोचा आजा घागर घेऊन त्या बाभळीखाली थांबायचा. पुढं यायची मुभा नव्हती. मळ्यातलं कुणी आलं, मनात आलं, तर वरून पाणी ओतायचं. बाळासो लहान असताना आज्यानं त्याला बाभूळ ते विहीर हे अंतर चालून दाखवलं होतं. पंधरा पावलं. आता बाळासो बाभूळ ओलांडून थेट पायऱ्या उतरायचा, कुणी अडवत नव्हतं. वस्तीची घागर या विहिरीवर कधी भरली नाही, वस्तीच्या नावाची बाटली मात्र वर्षातून दोनदा भरत होती. आजची बारावी.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी त्यानं बोअरचं खरं पाणी पाठवलं होतं आणि ते नापास होऊन आलं. ग्रामसेवक विश्वजित भाऊसाहेबांनी त्याला कचेरीत तासभर उभं केलं. खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणाले नाहीत. “गावाला लाल कार्ड आणलंस, बाळासो. आता माझी चौकशी, सरपंचांची चौकशी. पुढच्या वेळी जरा बघून भर.” एवढंच बोलले आणि फायलीत डोकं घातलं. बाळासो पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस, वीस वर्षं हंगामी. त्याला कायम करायचा कागद त्याच फायलींच्या गठ्ठ्यात होता. तेव्हापासून तो बघून भरत होता.

*

घरी आला तर सून कट्ट्यावर बसलेली. मांडीवर पैंजणांच्या कड्या आणि पकड, आणि समोर पंचायतीनं दिलेलं तपासणीचं किट. गावातल्या पाच बायकांना कागलला नेऊन दोन दिवस शिकवलं होतं, त्यातली सोनम एक. बाकीच्या चौघींनी किट माळ्यावर टाकलं. सोनमनं ते देव्हाऱ्यासारखं जपलं होतं. दर महिन्याला ती नळीत पाणी घ्यायची, पुडी सोडायची, हलवायची आणि वहीत आकडा लिहायची.

“मामा, ह्यो रंग बघा.”

नळीतलं पाणी गुलाबी झालं होतं, बघवणार नाही इतकं गडद. सोनमनं रंगांचा तक्ता शेजारी धरला. शेवटच्या चौकोनावर शंभर लिहिलं होतं. पाणी त्याहून गडद होतं.

“नायट्रेट हाय ह्ये. पंचेचाळीसच्या वर गेलं की प्यायचं न्हाय, आसं शिकवलंय आमाला.”

“किट जुनं आसंल.”

“डिसेंबरातच दिलंय की.”

“मग तुझं काय तरी चुकलं आसंल.”

“तीनदा केलं, मामा. चुकलं का बघावं म्हणून आण्णांच्या हिरीचं बी आणून केलं. त्ये पांढरं फेक.”

बाळासोला ठसका लागला. तो मोरीत गेला, तोंडावर पाणी मारलं, आणि तेच पाणी तोंडात गेलं म्हणून थुंकला. बाहेर चुलीवर पातेलं उकळत होतं. त्याची बायको तानूबाई जाळ सारत होती. नात संघप्रिया चार महिन्यांची, झोळीत झोपली होती. सोनमला दूध आलं नव्हतं. डब्यातली पावडर पाण्यात कालवून बाळाला द्यायची, आणि ते पाणी तानूबाई स्वतः उकळायची.

“उकळून घेतीया न्हवं?” बाळासोनं विचारलं.

“निम्मं हुस्तवर,” तानूबाई म्हणाली. “एक जंतू जित्ता राहायचा न्हाय.”

“मग झालं तर,” बाळासो म्हणाला. त्याला जरा बरं वाटलं.

*

एक मेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड मिळवलं म्हणून गावाला चंदेरी कार्ड आलं होतं. त्याची चौकट टेबलावर ठेवली होती आणि तिला हार घातला होता. पाण्याच्या चांगुलपणाला हार! भाऊसाहेब बोलले, सरपंच बोलले. मग सोनम उठली. हातात वही होती.

“वस्तीच्या बोअरचं पाणी प्यायजोगं न्हाय. मी पाच महिनं तपासालोय. शेडचा पाईप बंद करा आन् वस्तीला नदीच्या योजनेत घ्या. ह्या तालुक्यात अकरा गावं घेतल्यात, आमी का न्हाय?”

भाऊसाहेबांनी शांतपणे फाईल उघडली.

“का नाही ते सांगतो. त्या अकरा गावांचं पाणी नापास आहे, म्हणून घेतलीत. आपलं पास आहे. हा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल. बौद्ध वस्ती, बोअर क्रमांक दोन, नायट्रेट सात. सात! आता मला सांगा, शिकलेल्या केमिस्टचं खोटं आणि हिच्या खेळण्याचं खरं?”

लोक हसले. पृथ्वीराज पहिल्या रांगेतून मागं वळला.

“वैनी, तुमी कड्या नीट जोडा. गेल्या महिन्यात अर्धा माल सैल आलाता. रसायनाचं आमी बघतो.” पुन्हा हसू. “आन् नमुना काय आमी घेतोय व्हय? त्यांचा सासराच घेतोय. काय रं बाळासो, बोअरचंच पाणी धाडतोस न्हवं?”

सगळ्या माना वळल्या. सोनमचीही वळली. तिच्या तोंडावर भीती नव्हती, उलट आता सुटका झाली असं तिला वाटत होतं. सासरा खरं ते सांगणार, मग बघू.

“व्हय,” बाळासो म्हणाला.

टाळ्या पडल्या. जलसुरक्षक म्हणून त्याला पुढं बोलावून नारळ दिला. तो घेताना त्याचे हात इतके घामेजले होते की नारळ निसटून पडला आणि घरंगळत पृथ्वीराजच्या पायाशी गेला. पृथ्वीराजनं तो उचलून पुन्हा त्याच्या हातात ठेवला. सोनम तोवर निघून गेली होती.

तो नारळ घरात कुणी फोडला नाही. ताटात भाकरी वाढताना सोनम सासऱ्याशी पूर्वीसारखीच बोलत होती. तिनं वही मात्र ट्रंकेत टाकली. शिकलेल्या केमिस्टपुढं आपण काय, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, आणि यासारखं वाईट दुसरं काही नाही. तानूबाईनं मात्र सुनेचा शब्द मनावर घेतला. ती जाळ जास्त सारू लागली. निम्म्याचं पाणी आता पावाला आटू लागलं.

*

मेच्या मधल्या आठवड्यात एका दुपारी बाळाचे ओठ जांभळे दिसले. आधी वाटलं, उन्हानं. मग नखं जांभळी झाली. पोर रडत नव्हतं, नुसतं धापत होतं. बाळासोचा मुलगा संघर्ष कागलच्या कारखान्यात पाळीवर गेला होता. बाळासोनं रिक्षा आणली आणि तिघं बाळाला घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीत आली. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला आत घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला आणि सुईनं रक्त काढलं.

रक्त लाल नव्हतं. चॉकलेटी होतं. सोनमनं ते पाहिलं आणि भिंत धरली.

“दूध कुठलं देता?”

“पावडरीचं.”

“पाणी?”

“बोअरचं. पर उकळून, बाईसाब,” तानूबाई पुढं झाली. “साधंसुधं न्हाय. दोन-दोन तास. चार तांबं आटवून एक करतोय.”

डॉक्टरीणबाई तिच्याकडं बघत राहिल्या. रागवावं की काय करावं, त्यांना कळेना.

“आजी, पाण्यात नायट्रेट असणार. ते उकळून जात नाही. पाणी उडतं, ते तिथंच राहतं. चार तांब्यांतलं विष तुम्ही एका तांब्यात आणलंत.”

महिनोन्महिने धुरात डोळे जाळून तानूबाईनं हे केलं होतं.

“पर लॅब म्हणतीया पाणी चांगलं हाय,” सोनम म्हणाली. “सात आलंय. अहवाल हाय पंचायतीत.”

“मग लॅबला दुसरं पाणी मिळालं असेल,” बाई म्हणाल्या आणि इंजेक्शन भरायला आत गेल्या.

त्या सहज बोलल्या होत्या. बाळासो बाकावर बसला होता, तो उठला. पुन्हा बसला. पुन्हा उठला.

“सोनम, त्ये पाणी आण्णांच्या हिरीचं हुतं.”

“कंचं?”

“बाटलीतलं. सहा वर्सं झाली. बारा बाटल्या.”

सोनम त्याच्याकडं नुसती बघत होती, एखाद्या अनोळखी पावण्याकडं बघावं तशी. बोलली ती तानूबाई. तिनं आवाज लावला तसे बाहेरचे पेशंट आत डोकावले.

“मी जाळ सारालते, आन् तुमी बघालता? रोज बघालता? वर इचारालता, उकळलंस न्हवं? आगं बया, माज्या हातानं! माज्या हातानं पाजलं पोरीला!” तिनं स्वतःच्या हातावर फाडफाड मारून घेतलं. बाळासो तिचा हात धरायला गेला तर तिनं तो झिडकारला.

इंजेक्शन निळ्या औषधाचं होतं. पहाटेपर्यंत ओठांवर लाली आली. बाळ वाचलं. बाई म्हणाल्या, “आणखी दोन दिवस गेले असते तर मी हे बोलत नसते.”

*

दवाखान्यातूनच बाळासो प्रयोगशाळेत गेला. संयोगिता मॅडम तिथल्या केमिस्ट. चाळिशीची बाई, अंगात पांढरा कोट, बोटांवर डाग. बाळासो उभ्यानंच सगळं सांगून मोकळा झाला. मग उठून मॅडमनी कपाटातून नकाशा आणला आणि टेबलावर पसरला. तालुक्यातली गावं रंगवलेली होती. लाल, पिवळी, हिरवी.

“हे तुमचं गाव. हिरवं. हा नकाशा घेऊन साहेब लोक बसतात आणि ठरवतात, पाईपलाईन कुठं द्यायची, कुणाचा कारखाना तपासायचा. त्यांनी तुमची वस्ती पाहिलेली नाही. मीही नाही. आम्ही हे बघतो.” त्यांनी हिरव्या ठिपक्यावर बोट दाबलं. “हा रंग मी भरलाय. रात्रंदिवस मान मोडून खरा आकडा काढला, आणि तो खोट्या पाण्याचा! तुम्ही माझ्या सहीनं तुमच्याच माणसांना विष पाजलंत, बाळासो.”

“व्हय.”

“कुणी सांगितलं होतं?”

बाळासो बोलायला गेला आणि थांबला. कुणी सांगितलं होतं? बघून भर, म्हणाले होते. बघून भरणं हा काही गुन्हा नाही. भाऊसाहेबांचे हात धुतल्यासारखे स्वच्छ होते. सहा वर्षांत एक ओळ त्यांनी लिहिली नव्हती, एक बाटली उचलली नव्हती. चंदेरी कार्ड त्यांचं, बारा बाटल्या बाळासोच्या. हे त्याला आता, या टेबलापाशी कळलं आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं मूठ टेबलावर आपटली. काचेची नळी आडवी झाली.

“कागद द्या, मॅडम. लिवून देतो.”

“नोकरी जाईल. गुन्हाही दाखल होईल.”

“द्या म्हणतोय न्हवं!”

त्याच वळणदार अक्षरात त्यानं दोन पानं लिहिली. पहिली नापास बाटली, रिकामी खुर्ची, ‘जरा बघून भर’, बारा बाटल्या, शेडमागचा पाईप. खाली सही केली.

*

पाचव्या दिवशी मॅडम जीप घेऊन स्वतः वस्तीवर आल्या. बरोबर तालुक्याचे अधिकारी होते. हातपंपाभोवती गाव जमलं. शेडमागचा पाईप आदल्या दिवशीच गायब झाला होता आणि त्या बोअरच्या तोंडावर ओली माती दिसत होती.

भाऊसाहेब बाळासोजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “मी तुला कधी सांगितलं होतं रे आण्णाच्या विहिरीचं भर म्हणून? सांग की सगळ्यांपुढं. सांगितलं होतं?”

“न्हाई सांगितलं,” बाळासो मोठ्यांदा म्हणाला. “तुमी कधीच काय सांगितलं न्हाई, भाऊसाहेब. मला तासभर हुभं केलंता, एवढंच केलं. त्ये बी लिवलंय मी.”

भाऊसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि रुमालानं मान पुसली. त्यांच्यावर काही होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. बाळासोला मात्र कामावरून काढल्याची नोटीस सकाळीच आली होती, त्यांच्याच सहीची.

पार्श्वनाथ आण्णा काठी टेकत आले होते. सगळं कानावर गेल्यापासून म्हातारा जेवला नव्हता. “आरं, मला इचारायचं हुतंस की, बाळासो. घागरी भरून दिल्या असत्या पोरीसाठी. बाटलीला पाणी दिलं, घागरीला न्हाई म्हटलं आसतं व्हय?”

“तुमच्या वडलांनी म्हटलंतं, आण्णा.”

आण्णांनी खाली बघितलं. गेले चार दिवस त्रिशलाकाकू बाळासाठी कळशी पाठवत होत्या, आणि सोनम ती घेत होती. वस्तीतली बाकीची सत्तर घरं अजून हेच बोअरचं पाणी पीत होती.

“नमुना गावातल्या प्रशिक्षित माणसानं घ्यायचा,” मॅडम म्हणाल्या. “माझ्यासमोर. कोण आहे?”

सोनम पुढं आली. तिच्या कडेवर बाळ होतं, ते तिनं तानूबाईकडं दिलं. मॅडमनी नवी पांढरी बाटली दिली. सोनमनं चिठ्ठी स्वतः लिहिली, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि बाटली पंपाखाली धरली.

आता दांडी कोण मारणार? बाळासोला वीस वर्षांची सवय. तो आपसूक पुढं झाला आणि बाटली कलली म्हणून सावरायला हात केला.

“हात लावू नका, मामा.”

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला.

“बाजूला व्हा. तुमचा हात लागला तर ह्ये पाणी कुणी खरं मानायचं न्हाय. लांब ऱ्हावा. आनखी लांब.”

तिचं चुकलं नव्हतं. एक अक्षरही चुकलं नव्हतं. बाळासो मागं सरला. त्याला वाटत होतं एवढं पुरे, तर ती बघतच होती, म्हणून तो आणखी मागं गेला. विहाराच्या कमानीला पाठ लागली तेव्हा थांबला. पंपाची दांडी एका दुसऱ्याच बाईनं मारली. पाणी आलं, बाटली भरली, फोटो निघाला.

पंप ते कमान पंधरा पावलं होती. मागं येताना त्यानं ती मोजली होती. आज्याला तेवढ्या लांब गावानं उभं केलं होतं. याला याच्याच हातांनी उभं केलं होतं, आणि ते हात कुठं ठेवावेत हे न कळून तो ते पाठीमागं धरून उभा राहिला.